तीन महिन्यांची नेमणूक

६ फेब्रुवारी १९५२ च्या दुपारी, माउंट केनियाच्या पायथ्याशी असलेल्या सगाना लॉजमध्ये माइक पार्करला एक फोन आला. पार्कर मूळचा मेलबर्नचा, वय ३१, ब्रिटिश नौदलातून बाहेर पडलेला अधिकारी. राजकन्या एलिझाबेथ आणि तिचा नवरा फिलिप यांचा तो इक्वेरी, म्हणजे दिमतीला दिलेला अधिकारी, होता, आणि फिलिपचा महायुद्धातला जुना दोस्तही. आदली रात्र पाहुण्यांनी ट्रीटॉप्सला, झाडावर बांधलेल्या लॉजमध्ये, जनावरं पाहण्यात घालवली होती. आपल्याला कुमाऊंच्या नरभक्षक वाघांमुळे माहीत असलेले जिम कॉर्बेट त्या रात्री त्यांच्या सोबत होते. सकाळी सगळे सगानाला परतले आणि थकून विसावले.

फोन होता राजकन्येचे खासगी सचिव मार्टिन चार्टरिस यांचा. जवळच्या न्येरी गावातल्या हॉटेलात त्यांना एका पत्रकाराकडून कळलं होतं की राजे सहावे जॉर्ज गेले. अधिकृत तार अजून पोहोचली नव्हती. पार्करने काय केलं? तो धावत सुटला नाही. त्याने रेडिओ लावला, आवाज अगदी बारीक ठेवला, आणि बीबीसीवर खात्री होईपर्यंत थांबला. मग बाहेरच्या बाजूने वळसा घालून खिडकीपाशी गेला आणि फिलिपला खुणेने बाहेर बोलावलं. जणू अर्धं जग त्याच्या अंगावर कोसळलं असं तेव्हा फिलिपकडे पाहून वाटलं, असं पार्करने नंतर सांगितलं आहे. फिलिप बायकोला घेऊन बागेत गेला आणि पार्कर विमानाच्या मागे लागला. लवकरच सगळा लवाजमा निघाला होता.

मी त्या मधल्या मिनिटांचा फार विचार करते. राजा गेला होता. त्याची मुलगी त्याच घरात होती आणि आपण राणी झालो आहोत हे तिला ठाऊक नव्हतं. तिच्या पदरी असलेल्या एका माणसाला ते ठाऊक होतं. एवढी मोठी गोष्ट हातात असताना ती आपली नाही, ती कोणी कोणाला सांगायची याचा एक क्रम आहे आणि त्या क्रमात आपली जागा कुठे, हे त्याला क्षणभरही शोधावं लागलं नाही. बापाच्या मरणाची बातमी मुलीला नवऱ्याने सांगावी, नोकरीतल्या माणसाने नव्हे. त्या दुपारी पार्करने जे केलं त्यात मला इक्वेरीचं सगळं काम दिसतं.

तसं पाहिलं तर हे काम कागदावर फार साधं आहे. सैन्यदलातला एक अधिकारी, बहुधा मेजर किंवा त्या बरोबरीच्या हुद्द्याचा, काही वर्षांसाठी राजघराण्यातल्या एका व्यक्तीच्या सेवेत दिला जातो. राणीच्या इक्वेरीची जागा भूदल, नौदल आणि हवाईदल यांत फिरती असे, साधारण तीन वर्षांसाठी. याशिवाय कोल्डस्ट्रीम गार्ड्स या पलटणीतला एक तरुण कॅप्टन तात्पुरता इक्वेरी म्हणून, आपली पलटणीतली नोकरी सांभाळून, गरजेप्रमाणे येतो. भेटीला आलेल्यांना उतरवून घ्यायचं, त्यांची धडधड जरा कमी होईल इतपत बोलायचं, दार उघडून नाव उच्चारायचं आणि बाजूला व्हायचं. दौऱ्याआधी जागा पाहून यायची. गाडी कुठे थांबेल, कोण कुठे उभं असेल, फुलं देणाऱ्या मुलीचं नाव काय. समारंभात एक पाऊल मागे राहायचं. २०१७ मध्ये युद्धस्मृतीच्या दिवशी लंडनच्या सेनोटाफ या युद्धस्मारकावर वयोवृद्ध फिलिप खाली उतरले नाहीत, राणीसोबत सज्जातून पाहत राहिले. त्यांच्या नावाचं पुष्पचक्र इक्वेरीने वाहिलं. दुसऱ्याच्या वतीने वाकायचं, दुसऱ्याच्या वतीने सलाम करायचा. आपल्याकडे राष्ट्रपतींच्या किंवा राज्यपालांच्या मागे, खांद्यावरून सोनेरी दोर सोडलेला जो तरुण अधिकारी ताठ उभा असतो, तो एडीसी याच जातकुळीतला.

माझा मामा असाच एका राज्यपालांचा एडीसी होता. साताऱ्याकडचा माणूस, घरात पिढ्यान्‌पिढ्या लष्कर, त्यामुळे कोणी बढाई मारत नसे, पण राजभवन म्हटल्यावर आम्हा भाचरांना कमालीचं कुतूहल. सुट्टीवर आला की आम्ही त्याला घेरायचो. त्याने आम्हाला फक्त कामाच्या गोष्टी सांगितल्या. गणवेशाच्या खिशात काय काय असतं: साहेबांचा जादा चष्मा, भाषणाची दुसरी प्रत, दोन पेनं, स्वच्छ रुमाल, खोकल्याच्या गोळ्या. जिना उतरताना साहेबांच्या किंचित पुढे राहायचं, म्हणजे तोल गेला तर आपण आडवे येतो, चढताना मागे. समोरून येणाऱ्याचं नाव साहेबांच्या कानात नेमकं कधी पडलं पाहिजे: फार आधी सांगितलं तर विसरतात, उशिरा सांगितलं तर समोरच्याला कळतं. आजी मात्र वेगळं विचारायची. "बाईंचा स्वभाव कसा आहे रे? दोघांचं पटतं का?" मामा म्हणायचा, "आई, जेवण उत्तम असतं." आजी पुन्हा विचारायची आणि तो पुन्हा जेवणाचंच सांगायचा. राज्यपाल पदावरून गेले, पुढे वारले, मामाही निवृत्त झाला. आजीला तिच्या प्रश्नाचं उत्तर कधीच मिळालं नाही. मुदत संपली तेव्हा तो ईशान्येकडे आपल्या पलटणीत रुजू झाला, झुंबरं आणि गालिचे सोडून बंकरमध्ये, आणि त्याला त्याचं काही वाटलं नाही. उलट मावशीला त्याने लिहिलं होतं की आता बूट पुन्हा चिखलाचे होतील याचा आनंद आहे.

ब्रिटिश राजवाड्याशी आपल्या मातीचं एक नातं आहे, त्याची आठवण फारशी कोणी काढत नाही. एडवर्ड सातव्याच्या काळापासून दुसऱ्या महायुद्धापर्यंत दर उन्हाळ्यात हिंदी लष्करातले काही अधिकारी लंडनला जात आणि दरबारात, संचलनात राजाच्या जवळ उभे राहत. फेटा, पदकं, तलवार. साम्राज्याला ते चित्र हवं होतं, हे उघड आहे. पण त्या चित्रातल्या माणसांना काय वाटत असेल? पंजाबातल्या किंवा पहाडातल्या एखाद्या गावचा, शिपाई म्हणून भरती होऊन वीस वर्षांत अधिकारी झालेला माणूस बकिंगहॅम पॅलेसच्या संगमरवरावर तासन्‌तास उभा आहे, आणि ज्याच्या राज्यात आपला देश आहे तो माणूस हाताच्या अंतरावर थकलेला, अवघडलेला, शिंक दाबणारा दिसतो आहे. त्यांनी गावी परतल्यावर काय सांगितलं असेल हे जाणून घ्यायला मी पुष्कळ काही देईन. १९५४ पासून ती जागा ब्रिटिश सैन्यातल्या दोन गुरखा अधिकाऱ्यांकडे आली. सन्मान प्रदान करण्याच्या समारंभात ते राजाच्या सोबत असतात.

आता ज्याच्यासाठी हा लेख लिहायला घेतला त्याच्याकडे येते.

पीटर टाउन्सेंड १९१४ मध्ये रंगूनला जन्मला. वडील ब्रिटिशांच्या हिंदी लष्करात अधिकारी. हा हवाईदलात गेला. ३ फेब्रुवारी १९४० ला इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्यावर व्हिटबीजवळ त्याच्या तुकडीने एक जर्मन हाइन्केल विमान पाडलं. त्या युद्धात इंग्लंडच्या भूमीवर कोसळलेलं ते पहिलं शत्रूचं विमान. दुसऱ्या दिवशी टाउन्सेंड रुग्णालयात गेला. हाइन्केलच्या जखमी तोफचीला, पाय गमावलेल्या कार्ल मिस्सीला, त्याने संत्री आणि सिगारेटी नेऊन दिल्या. टाउन्सेंडविषयी इतकं लिहिलं गेलं आहे, पण मला तो माणूस म्हणून पहिल्यांदा कळला तो या संत्र्यांमुळे. पुढे त्याच वर्षी तो स्वतः दोनदा पाडला गेला. जुलैत समुद्रात पडला, एका बोटीने उचललं. ऑगस्टच्या अखेरीस पायाला गोळी लागली आणि अंगठा गमवावा लागला. त्यानंतरही तो उडत राहिला, इतका की थकवा हाडात मुरला.

१९४४ मध्ये राजे सहावे जॉर्ज यांनी ठरवलं की आपल्या इक्वेरींत केवळ खानदानी घरांतले अधिकारी नकोत, रणांगणावर नाव काढलेलेही हवेत. त्या विचारातून टाउन्सेंडला बोलावणं आलं. नेमणूक होती तीन महिन्यांची.

तीन महिन्यांची नऊ वर्षं झाली.

त्याला रुजू करून घेतलं तेव्हा थोरली राजकन्या १७ वर्षांची होती, धाकटी मार्गारेट १३ वर्षांची. टाउन्सेंड २९ वर्षांचा, विवाहित, एका मुलाचा बाप. राजाला तो आवडू लागला. राजाचा स्वभाव तापट, बोलताना अडखळण्याचा जुना त्रास, वरून युद्धाचं ओझं. अशा माणसाला शांत, मृदू बोलणारा सोबती हवाच होता. टाउन्सेंडचा दुसरा मुलगा जन्मला तेव्हा राजा त्याचा धर्मपिता झाला. १९४७ मध्ये राजकुटुंब दक्षिण आफ्रिकेच्या दीर्घ दौऱ्यावर गेलं, तेव्हा इक्वेरी म्हणून टाउन्सेंड सोबत होता, आणि मोकळ्या माळावर सकाळी मार्गारेटबरोबर घोड्यावर फिरायला जाणं हाही कामाचाच भाग होता. पुढे त्याला राजगृहाचा उपव्यवस्थापक केलं. इकडे त्याचं स्वतःचं घर विस्कटत होतं. नवरा सतत वाड्यात, बायको एकटी. १९५२ च्या अखेरीस घटस्फोट झाला. त्याच वर्षी राजा गेला होता आणि मार्गारेट वडिलांच्या दुःखात बुडालेली होती. दोघंही एकटे पडले होते आणि रोज एकाच छपराखाली वावरत होते. १९५३ मध्ये, राज्याभिषेकाच्या काही आठवडे आधी, त्यांनी लग्न करायचं मनाशी ठरवलं.

२ जून १९५३. वेस्टमिन्स्टर ॲबेमध्ये राज्याभिषेक आटोपला, मंडळी गाड्यांची वाट पाहत उभी होती. मार्गारेटने टाउन्सेंडच्या गणवेशावरचा एक धागा की कसलंसं कुसळ हाताने झटकलं. बस. पत्रकारांनी ते पाहिलं. परदेशी वर्तमानपत्रांत लगेच छापून आलं, ब्रिटनमध्ये काही दिवसांनी. ज्या माणसाचं काम दुसऱ्यांचे कपडे, चष्मे, पायऱ्या यांकडे लक्ष ठेवायचं, त्याच्या कोटाकडे कोणीतरी लक्ष दिलं आणि त्याची नोकरी संपली. जुलैत त्याला हवाई अताशे, म्हणजे वकिलातीतला हवाईदलाचा अधिकारी, म्हणून ब्रुसेल्सला धाडलं, मार्गारेट आईबरोबरच्या ऱ्होडेशियाच्या दौऱ्यावरून परत येण्याआधीच. निरोपही धड घेता आला नाही.

पुढचं पुष्कळांना ठाऊक आहे. १७७२ च्या राजघराण्याच्या विवाहकायद्याप्रमाणे २५ वर्षांखालच्या मार्गारेटला लग्नासाठी राणीची परवानगी लागणार होती. राणी म्हणजे तिची बहीण, आणि तीच चर्च ऑफ इंग्लंडची सर्वोच्च प्रमुख. चर्चला घटस्फोटिताचा पुनर्विवाह मान्य नव्हता. १९३६ मध्ये काका एडवर्ड अशाच कारणाने सिंहासन सोडून गेले होते, त्या जखमेची खपली अजून निघत होती. दोन वर्षं थांबायला सांगितलं, ती थांबली. २५ पूर्ण झाल्यावर, ३१ ऑक्टोबर १९५५ ला, मार्गारेटने निवेदन काढलं की आपण ग्रुप कॅप्टन टाउन्सेंड यांच्याशी विवाह करणार नाही. ख्रिस्ती विवाह अभंग असतो ही चर्चची शिकवण आणि राष्ट्रकुलाबद्दलचं कर्तव्य यांना आपण सर्वांहून वरचं मानतो. त्या निवेदनाच्या शब्दांत टाउन्सेंडचा हात होता. हे वाचलं तेव्हा मी पुस्तक मिटून ठेवलं होतं. आपल्याला नाकारणारा मजकूर स्वतः बसून नीट करून द्यायचा. नऊ वर्षांची सवय होती त्याला, समोरच्या माणसाचं बोलणं ओठांवर येण्याआधी सावरून देण्याची. पण इतकं?

२००४ मध्ये खुल्या झालेल्या सरकारी कागदांतून कळलं की तेव्हाचं सरकार एक तोडगा शोधत होतं: वारसाहक्क सोडायचा, पण पदवी आणि भत्ता राहील. म्हणजे दार पूर्ण बंद नव्हतं. यावरून बरेच जण मार्गारेटला दोष देतात, ऐषआराम सोडवला नाही म्हणून. मला ते पटत नाही. बहीण सिंहासनावर, आई शोकात, बाप नुकता गेलेला, काकाचं उदाहरण डोळ्यांपुढे. या सगळ्यात पंचविशीतल्या मुलीने काय निवडावं हे पन्नास वर्षांनी कागद वाचून सांगणं सोपं आहे.

माझं म्हणणं वेगळंच आहे, आणि ते त्या तीन महिन्यांविषयी आहे. या नेमणुकीला मुदत असते, यात मोठं शहाणपण आहे. राजवाड्यातली जवळीक विलक्षण असते. तुम्ही त्यांच्याबरोबर जेवता, सुट्टीला जाता, त्यांचे मरणाचे प्रसंग पाहता, मुलं मोठी होताना बघता. पण त्या घरात तुमचं काहीही नसतं. मुदत संपली की पलटण तुम्हाला परत घेते, बूट पुन्हा चिखलाचे होतात, आणि तुमचं खरं आयुष्य कुठे आहे हे पायांना आठवतं. टाउन्सेंडची पलटण कधी परत आलीच नाही. राजाला तो हवा होता, त्यालाही राजा हवा होता, आणि प्रेमाने वाढवलेली मुदत कोणी मोजली नाही.

अर्थात याच्या अगदी उलटही झालं आहे, आणि ते सांगायलाच हवं. पॅट्रिक प्लंकेट हा आयरिश गार्ड्सचा अधिकारी १९४८ मध्ये सहाव्या जॉर्जचा इक्वेरी झाला आणि नंतर राणीकडेच राहिला, थेट १९७५ मध्ये कर्करोगाने जाईपर्यंत. १९३८ मध्ये त्याचे आईवडील विमान अपघातात गेले होते. त्याने लग्न केलं नाही. राजवाड्यातल्या मेजवान्या, फुलांची सजावट, भिंतीवरची चित्रं, सगळं त्याच्या नजरेखालून जायचं, आणि राणीला जे दुसरं कोणी सांगू धजत नसे ते तो हसत सांगायचा म्हणतात. गेला तेव्हा राणी स्वतः अंत्यविधीला गेली; विंडसरच्या बागेत त्याचं स्मारक आहे. त्याच्यासाठी वाडा हेच घर झालं. त्याला परत जायला दुसरं घर नव्हतं म्हणून असेल का? मला नेमकं सांगता येणार नाही, पण तसं वाटतं खरं.

आणि मेजर ह्यू लिंडसे. १९८३ पासून तीन वर्षं राणीचा इक्वेरी होता. मुदत संपली, तो सैन्यात परतला, पण मैत्री राहिली. १० मार्च १९८८ ला स्वित्झर्लंडमध्ये क्लोस्टर्सला तो चार्ल्सबरोबर स्कीइंग करत असताना हिमकडा कोसळला आणि लिंडसे गेला. त्याची बायको गरोदर होती, आणि ती राजवाड्यातच नोकरीला होती. याच्यावर मला काही बोलता येत नाही. मुदतीचं माझं शहाणपण इथे कुठेच पुरत नाही.

लिंडसेनंतर त्याच जागेवर होता नौदलाचा कमांडर टिमोथी लॉरेन्स, १९८६ ते १९८९. त्याने राणीच्या मुलीला, राजकन्या ॲनला, लिहिलेली पत्रं १९८९ मध्ये चोरीला गेली आणि एका वर्तमानपत्राकडे पोहोचली. तेव्हा ॲन विवाहित होती. म्हणजे पुन्हा तेच घर, तीच जागा, पुन्हा राजकन्या आणि इक्वेरी, आणि या खेपेला राजकन्येचाच मोडत आलेला संसार. पण लॉरेन्सला कोणी ब्रुसेल्सला धाडलं नाही. त्याची मुदत संपली तसा तो समुद्रावर परत गेला, युद्धनौकेचा कप्तान झाला. ॲनचा घटस्फोट झाल्यावर १२ डिसेंबर १९९२ ला स्कॉटलंडमध्ये, बॅलमोरलजवळच्या क्रेथीच्या लहानशा चर्चमध्ये त्यांचं लग्न लागलं, कारण स्कॉटलंडच्या चर्चला घटस्फोटितांचं लग्न चालत होतं. लॉरेन्स पुढे व्हाइस ॲडमिरल होऊन निवृत्त झाला. आणि १७७२ चा तो कायदाही आता उरला नाही. २०१५ पासून परवानगी लागते ती वारसाक्रमातल्या पहिल्या सहा जणांनाच.

ॲन आणि लॉरेन्सचं लग्न लागलं तेव्हा टाउन्सेंड फ्रान्समध्ये होता. मधल्या काळात तो गाडी घेऊन जगभर एकटा फिरला, १९५९ मध्ये एका बेल्जियन मुलीशी लग्न केलं, मुलं झाली, पुस्तकं लिहिली. कार्ल मिस्सीला त्याने पुढे जर्मनीत जाऊन गाठलं. आपली युद्धातली पदकं विकून ते पैसे त्याने गरजू मुलांसाठी दिले. जून १९९५ मध्ये तो वारला. राजाने तीन महिने संपताच त्याला विमानांकडे परत पाठवायला हवं होतं, असं मला अगदी ठाम वाटतं. मग तो दक्षिण आफ्रिकेचा दौरा पुन्हा वाचायला घेते, सकाळी घोड्यावर निघालेले ते दोघं, आणि हे मत मला धरून ठेवता येत नाही.